शेली-ॲन फ्रेझर-प्राइसच्या नावावर वर्ल्ड रेकॉर्ड नाही, तरी सगळ्यात मोठी स्प्रिंटर तीच का?

प्रश्न असा आलाय की जमैकाच्या शेली-ॲन फ्रेझर-प्राइसकडे १०० मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड नाही, ऑलिम्पिक रेकॉर्डसुद्धा तिच्याच देशाच्या एलेन थॉम्पसन-हेराकडे आहे, मग जाणकार लोक १०० मीटरची सगळ्यात मोठी खेळाडू म्हणून शेली-ॲनचंच नाव का घेतात, आणि जेमतेम पाच फूट उंचीची बाई एवढी वर्षं टॉपला टिकली कशी. सोबत हेही विचारलंय की आपल्याकडे बुटक्या मुलींना स्प्रिंट सोडायला सांगतात ते बरोबर आहे का. मी मुलींना स्प्रिंट शिकवतो, रोज सकाळी ब्लॉक (स्टार्टला पाय टेकवून ढकलायचे ठोकळे) लावायचे आणि स्टॉपवॉच धरायचं हेच काम, त्यामुळे त्या नजरेनं सांगतो, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे वर्ल्ड रेकॉर्ड आणि करिअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १०.४९ सेकंदांचा रेकॉर्ड फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचा, १९८८ चा, आणि त्या दिवशीच्या वारा मोजणाऱ्या मशीनबद्दल आजही वाद चालू आहे. एलेनचं १०.५४ हे २०२१ मधलं अमेरिकेतल्या युजीनचं, ती रेस खरंच अफाट होती, त्यात काही कमी लेखायचं नाही. पण चॅम्पियनशिप म्हणजे काय तर दोन-चार वर्षांनी एकदा येणारी ठरलेली तारीख, त्या तारखेला तुमचं पोट बिघडलेलं असो नाहीतर घोट्यात कळ असो, हीट (पहिली फेरी) पळायची, सेमी पळायची आणि मग बहुतेक वेळा सेमीनंतर दोनेक तासांत फायनल. शेली-ॲन ऑलिम्पिक आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप धरून १०० मीटरच्या १२ फायनल पळली. २००८, २००९, २०११, २०१२, २०१३, २०१५, २०१६, २०१९, २०२१, २०२२, २०२३ आणि २०२५. त्यातल्या १० मध्ये मेडल आणि त्यातली ७ गोल्ड. मला विचाराल तर एवढ्या एका हिशोबातच उत्तर आलं. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १०० मीटरचं पाच वेळा टायटल घेणारी ती पहिली, बाईच नाही, पुरुषांतही तेव्हा कोणी नव्हतं, बोल्टची तीन आहेत.

आता सुरुवात कुठून झाली ते बघा. किंग्स्टनमधला वॉटरहाउस भाग, गोळीबार आणि गरिबीसाठी बदनाम, आई रस्त्यावर माल विकायची, आई स्वतःही लहानपणी पळायची. जमैकात शाळांची 'चॅम्प्स' नावाची ॲथलेटिक्स स्पर्धा असते, १९१० पासून चालू आहे, आपल्याकडे क्रिकेटला जशी गर्दी होते तशी तिकडे शाळेच्या पोरांच्या रिलेला होते, त्यातून ही वर आली. पण शाळेत असताना ती काही सुपरस्टार नव्हती हे लक्षात घ्या. नंतर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत गेली आणि तिथे एमव्हीपी क्लबचे स्टीफन फ्रान्सिस कोच मिळाले. फ्रान्सिस यांची ख्याती अशी की शाळेत ज्यांना फार कोणी विचारलं नाही अशा पोरांना घेऊन वर्ल्ड क्लास बनवायचं, १०० मीटरचा माजी वर्ल्ड रेकॉर्डधारक असाफा पॉवेल त्यांचाच. प्रॅक्टिस पहाटे, तीही गवताच्या ट्रॅकवर. २००७ ला तिचं बेस्ट टायमिंग ११.३१ होतं. ११.३१ हे चांगलं आहे पण जगात त्या टायमिंगच्या डझनानं मुली असतात.

मग २००८. जमैकाच्या ट्रायल्समध्ये ती दुसरी आली आणि वेरोनिका कॅम्पबेल-ब्राउन, जी तेव्हा १०० मीटरची वर्ल्ड चॅम्पियन होती, ती चौथी येऊन बाहेर पडली. जमैकात नियम सरळ आहे, पहिले तीन जातात. पण लोक म्हणायला लागले की ही पोरगी २१ वर्षांची, अनुभव नाही, हिला बसवा आणि वेरोनिकाला पाठवा. नियम पाळला गेला, शेली-ॲनच गेली, आणि बीजिंगला १०.७८ पळून तिनं फायनल २० शतांशानं जिंकली. मागे शेरोन सिम्पसन आणि केरॉन स्टुअर्ट दोघी १०.९८, दोघींना सिल्व्हर, म्हणजे पहिल्या तिन्ही जमैकाच्या आणि ब्राँझ कोणालाच नाही. या गोल्डचं मोल कळायला मर्लिन ओटी आठवावी लागते, जमैकाची ओटी १९८० पासून पळत होती, ऑलिम्पिकची ९ मेडल आहेत तिच्याकडे आणि एकही गोल्ड नाही. १०० मीटरचं ऑलिम्पिक गोल्ड जमैकाच्या बाईला पहिल्यांदा मिळालं ते शेली-ॲनमुळे.

आता उंचीकडे येतो कारण खरी मजा तिथे आहे. तिची उंची १५२ सेंटिमीटर. १०० मीटरला ती साधारण ५० पावलं टाकते, १९५ सेंटिमीटरचा बोल्ट ४१ टाकायचा. ५० पावलं पावणेअकरा सेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला साडेचारपेक्षा जास्त, आणि सरासरी पाऊल दोन मीटरचं, तेही सुरुवातीची छोटी पावलं धरून. दीड मीटरची बाई दोन मीटरपेक्षा लांब पाऊल टाकतेय आणि तेही त्या फ्रिक्वेन्सीने, हे एकदा नीट डोक्यात घ्या. बुटक्या धावपटूचे पाय नुसते भरभर हलतात असं लोकांना वाटतं पण नुसतं भरभर हलून काही होत नाही, प्रत्येक पावलाला जमिनीवर ताकद किती लागते आणि पाय जमिनीवर किती कमी वेळ राहतो यावर सगळं आहे.

तिचा स्टार्ट स्लो मोशनमध्ये बघा, मी मुलींना तोच दाखवतो. गन वाजली की मागचा पाय ब्लॉकमधून निघतो तो उंच येत नाही, टाच ढुंगणाकडे जात नाही, पाऊल जमिनीच्या अगदी जवळून पुढे येतं, शूजचे खिळे, म्हणजे स्पाइक्स, जवळजवळ घासून जातात. नडगी पुढे झुकलेली, पाऊल शरीराच्या मागे पडतं, पुढे नाही. डोकं खाली. आपल्या मुली तिसऱ्या पावलाला मान वर करून बघतात की बाजूची कुठे आहे, मान वर आली की कंबर सरळ होते आणि ढकलणं संपतं, मग नुसतं पळणं उरतं. ती वीसेक मीटरपर्यंत हळूहळू वर येते, घाई नाही. उंची कमी असण्याचा इथे फायदाच आहे, हातपाय लहान असले की ते फिरवायला कमी वेळ लागतो, आणि पहिल्या ३० मीटरला लांब पाय कामाचे नसतात, ताकद कामाची असते.

पण नुसत्या स्टार्टवर करिअर होत नाही, आणि मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. २००९ ची बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल काढून बघा. ६० मीटरला वाटतं की संपली रेस, ही एवढी पुढे आहे, आणि मग केरॉन स्टुअर्ट मागून येते, येते, अजून पाच मीटर असते तर कदाचित गेली असती. १०.७३ आणि १०.७५. म्हणजे तेव्हाची शेली-ॲन पुढे निघून जायची आणि शेवटी टिकवून धरायची. २०१२ लंडनलाही तेच, १०.७५, कार्मेलिटा जेटर १०.७८ ने पाठीवर. फ्रान्सिस यांच्या हाताखाली तिनं मग २०० मीटर अंगावर घेतली. तिला २०० फारशी आवडायची नाही, पण लंडनला २०० मध्ये सिल्व्हर आलं, २२.०९, ॲलिसन फेलिक्सच्या मागे. पुढच्या वर्षी मॉस्कोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला १००, २०० आणि ४ बाय १०० तिन्ही गोल्ड. २०० च्या फायनलमध्ये फेलिक्सचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला हे खरं आहे, ते सांगितलंच पाहिजे, पण १०० मध्ये १०.७१ आणि दुसरीपेक्षा २२ शतांश पुढे, तिथे कुठलाच पण नाही. रेसचा दुसरा अर्धा भाग तिनं २०० च्या सरावातून कमावला असं माझं ठाम मत आहे. स्टार्टची देणगी बऱ्याच जणींना असते, त्यातल्या बहुतेक ६० मीटरच्या पुढे दिसत नाहीत.

मध्ये एक वाईट प्रकरण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. २०१० ला शांघायच्या रेसमध्ये तिच्या सॅम्पलमध्ये ऑक्सिकोडोन सापडलं. ही वेदनाशामक गोळी आहे, वेग वाढवणारं औषध नाही, तिचं म्हणणं होतं की दातदुखीसाठी कोचकडून घेतली होती आणि फॉर्मवर लिहिली नाही. सहा महिन्यांची बंदी आली. ही शिक्षा योग्यच होती असं मी म्हणेन, कारण आपण काय गिळतोय याची जबाबदारी खेळाडूची असते हा नियम ढिला केला तर सगळंच ढिलं होईल. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी हे उदाहरण मुद्दाम देतो, सर्दीची गोळीसुद्धा बंदी असलेल्या औषधांची यादी बघितल्याशिवाय नाही, आणि जिममधला ओळखीचा देतो ती पावडर तर अजिबातच नाही. बंदीनंतरच्या वर्षी देगूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ती चौथी आली, १०.९९, ब्राँझला १०.९८ लागलं. एक शतांश!

२०१२ चं गोल्ड त्यामुळे जास्त मोठं. ऑलिम्पिक १०० मीटर सलग दोनदा जिंकणारी ती तिसरी बाई, आधी वायोमिया टायस आणि गेल डेव्हर्स. २०१४ ला सोपोटला इनडोअर ६० मीटरचं वर्ल्ड टायटल, ६.९८, ते फार कोणाच्या लक्षात नसतं. २०१५ ला परत बीजिंग, या वेळी वर्ल्ड चॅम्पियनशिप, परत गोल्ड, डाफ्ने शिपर्स मागे.

२०१६ रिओ. पायाच्या अंगठ्याला दुखापत, आणि अंगठा म्हटलं की लोकांना किरकोळ वाटतं पण स्प्रिंटरचं सगळं वजन, सगळा धक्का शेवटी त्या अंगठ्याच्या सांध्यातूनच जमिनीत जातो. ब्लॉकमध्ये अंगठा वाकवून बसायचं, स्पाइक्सची प्लेट कडक, प्रत्येक पावलाला तिथेच कळ. त्या पायावर १०.८६ आणि ब्राँझ. गोल्ड तिच्याच क्लबच्या एलेननं घेतलं, १०.७१. सलग तिसरं ऑलिम्पिक गोल्ड हुकलं, पण मी तर तिच्या मेडलांमध्ये हे ब्राँझ फार वर ठेवतो.

मग २०१७. ७ ऑगस्टला मुलगा झाला, झायॉन, सिझेरियन करावं लागलं, आदल्याच दिवशी लंडनला वर्ल्ड चॅम्पियनशिपची १०० मीटरची फायनल झाली होती जिथे ती गतविजेती म्हणून उभी असायला हवी होती. गरोदर आहोत हे कळल्यावर आपण खूप रडलो, करिअरचं काय होणार असं वाटलं, हे तिनं स्वतःच नंतर सांगितलंय. वय ३० च्या पुढे. सिझेरियन म्हणजे पोटाचा खालचा भाग कापून शिवलेला असतो, आणि स्प्रिंटमध्ये हातापायाची ताकद एकमेकांशी जोडणारा भाग पोटाचाच आहे, तो सैल असेल तर पाय कितीही ताकदवान असू दे, कंबर डगमगते आणि वेग गळतो. आपल्याकडे तर मुलीचं लग्न ठरलं की स्पाइक्स माळ्यावर जातात, बाळंतपण फार पुढची गोष्ट. ती २०१८ ला परत ११ च्या खाली आली. २०१९ ला जमैकाच्या ट्रायल्समध्ये एलेन आणि ती दोघी १०.७३, एलेन हजारांशानं पुढे. आणि दोहाला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये १०.७१, डीना ॲशर-स्मिथ १०.८३ ने दुसरी. स्टेडियम अर्धं रिकामं होतं, केस इंद्रधनुष्यासारखे रंगवलेले, आणि दोन वर्षांच्या झायॉनला कडेवर घेऊन तिनं राउंड मारला.

इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण खरं आश्चर्य पुढेच आहे. २०१२ पासून तिचं बेस्ट १०.७० वर अडकलं होतं. २०२० च्या शेवटी तिनं एमव्हीपी सोडलं, रेनाल्डो वॉलकॉट यांच्याकडे गेली, आणि २०२१ च्या जूनमध्ये किंग्स्टनला १०.६३, ऑगस्टमध्ये लोझानला १०.६०. वय ३४! टोकियो ऑलिम्पिकमध्ये एलेन १०.६१, ही १०.७४ सिल्व्हर, शेरिका जॅक्सन १०.७६, पहिल्या तिघी जमैकाच्या, आणि रिलेला गोल्ड, ४१.०२.

कोणी म्हणेल की नवीन स्पाइक्स आले म्हणून. आले, बरोबर आहे, कार्बन प्लेट आणि नव्या फोमचे स्पाइक्स त्याच सुमारास आले आणि सगळ्यांचीच टायमिंग खाली आली, तो भाग वजा करूनच बघायला हवं. पण स्पाइक्स तर सगळ्यांकडे होते ना. २०२२ ला, ३५ व्या वर्षी, एका सीझनमध्ये सात वेळा १०.७० च्या आत पळली, असं एका सीझनमध्ये तोपर्यंत कोणीच केलेलं नव्हतं, एलेननं नाही, फ्लोरेन्सनं नाही. मोनॅकोला १०.६२, आणि युजीनला वर्ल्ड टायटल १०.६७ नं, मागे शेरिका १०.७३ आणि एलेन १०.८१. युजीनची रेस बर्लिनच्या शेजारी लावून बघा, शेवटचे २० मीटर. बर्लिनला खांदे वर चढतात, मान ताठ होते. युजीनला चेहरा सैल आहे, हात तसेच चालतात, शेरिकासारखी २०० ची राणी मागून येतेय आणि अंतर फारसं कमी होत नाही. तेरा वर्षांनी म्हातारी होण्याऐवजी बाई शेवटच्या २० मीटरला सुधारली. हे मी दुसऱ्या कुठल्या स्प्रिंटरमध्ये एवढं स्पष्ट बघितलेलं नाही.

एलेनशी तुलना विचारलीय म्हणून सांगतो, सर्वात वरच्या दिवशी एलेन जास्त वेगवान, १०० आणि २०० दोन्ही सलग दोन ऑलिम्पिकमध्ये जिंकणं हे शेली-ॲनला जमलं नाही आणि ते मोठंच आहे. पण एलेनकडे वर्ल्ड चॅम्पियनशिपचं १०० किंवा २०० चं वैयक्तिक गोल्ड नाही. शेली-ॲनकडे वर्ल्डची एकूण १० गोल्ड, ऑलिम्पिकची ८ मेडल, त्यात ३ गोल्ड. मी तिलाच वर ठेवतो, तुम्ही एलेनला ठेवलं तर भांडणार नाही.

शेवटची वर्षं पटकन. २०२३ गुडघ्याचा त्रास, सीझन जुलैमध्ये सुरू केला आणि बुडापेस्टच्या वर्ल्डला तरी १०.७७ आणि ब्राँझ, शकॅरी रिचर्डसन जिंकली. २०२४ पॅरिसला हीट पळली पण सेमीला उतरली नाही. तिथे संपलं असं बऱ्याच जणांनी धरलं. ती २०२५ ला परत आली, ३८ व्या वर्षी जमैकाची टीम मिळवली, टोकियोच्या वर्ल्डमध्ये फायनल गाठली, ११.०३, सहावी, आणि रिलेत पहिला लेग पळून सिल्व्हर, अमेरिका ४१.७५ आणि जमैका ४१.७९. त्या १०० च्या फायनलमध्ये सिल्व्हर घेतलेली जमैकाची टिना क्लेटन, शेली-ॲननं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड घेतलं तेव्हा चार वर्षांची होती. त्या टोकियोनंतर तिनं स्पाइक्स कायमचे ठेवून दिले.

अंदाज यावा म्हणून, आपला नॅशनल रेकॉर्ड द्युती चंदचा ११.१७ आहे, २०२१ चा. १०.६० आणि ११.१७ मध्ये फिनिश लाइनला साधारण पाच मीटरचं अंतर पडतं.

राहिला बुटक्या मुलींचा प्रश्न. उंची बघून इव्हेंट ठरवू नका, निदान १३-१४ वर्षांच्या मुलीचा तर नाहीच. दोन टायमिंग घ्या. एक ब्लॉकमधून ३० मीटर, आणि दुसरं फ्लाइंग ३०, म्हणजे आधी ३० मीटर रनअप घेऊन मग पुढचे ३० मीटर फुल स्पीडला. पहिलं चांगलं आणि दुसरं कच्चं असेल तर तिला स्टार्ट आहे, वेग कमवायचाय, टेकडीवर पळवा, जोर-बैठका, उड्या, १२० आणि १५० मीटरचे रन द्या. पहिलं कच्चं आणि दुसरं चांगलं असेल तर नुसती ताकद आणि ब्लॉकचं तंत्र राहिलंय, ते शिकवता येतं. दोन्ही वहीत तारखेसकट लिहा, सहा महिन्यांनी त्याच ट्रॅकवर तेच शूज घालून परत घ्या, आणि तेव्हाही दोन्ही जागचे हलले नसतील तर मग ४०० किंवा ८०० चा विचार करा, त्याआधी नाही.